मालवाहू मोटारीचें मडगार्ड

वरूड-मोर्शीकडील संत्रीं, अकोट-तेल्हाऱ्याकडील कापूस, दर्यापुराकडील हरभरा आणि अंजनगांवाकडील केळीं बाजारास पोंचविण्याचें काम पूर्वीं बैलगाडी करीत असे. आज त्यांतील पुष्कळसें काम लहान मालवाहू मोटार करिते. लोक तिला 'पिकअप' या नांवानें ओळखतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी गाडी असेल, व कांहींच्या घरचें पोट तिच्यावरच चालत असेल. अशा गाडीचें इंजिन बिघडलें म्हणजे मालक तांतडीनें कारागिराकडे धांव घेतो. परंतु पुढच्या चाकावरील पत्र्याचें आच्छादन, म्हणजे मडगार्ड, चेपलें किंवा फाटलें तर "पत्राच आहे, पाहूं पुढें" असें म्हणून तो तशीच गाडी हांकतो. हा समज घातक कसा आहे, मडगार्डाचें काम काय, तें केव्हां ठोकून सरळ करावें व केव्हां बदलावें, आणि बदलण्याची रीत कोणती, हें सोप्या भाषेंत सांगण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

'मडगार्ड' या शब्दाचा अर्थ चिखलापासून रक्षण करणारें. इंग्लंडांत यासच 'विंग' म्हणजे पंख म्हणतात, व अमेरिकेंत 'फेंडर' म्हणतात. आमच्याकडील गॅरेजांत तीं सारीं नांवें मागें पडून 'मडगार्ड' हेंच रूढ झालें आहे, आणि खेड्यांतील बोलण्यांत त्याचें 'मडगाट' झालेलें ऐकूं येतें. नांव कोणतेंही घ्या, वस्तु एकच.

आतां असा प्रश्न उद्भवतो कीं, आपल्या बैलगाडीस किंवा दमणीस मडगार्ड नसतें, मग मोटारीसच तें कां लागावें? याचें उत्तर वेगांत आहे. गोफण फिरवितांना दोरी सोडली कीं धोंडा वर्तुळांत फिरत राहात नाहीं. तो सुटल्या क्षणीं ज्या दिशेस जात असतो त्याच दिशेस सरळ निघून जातो. भूमितींत या सरळ रेषेस स्पर्शरेषा म्हणतात. चाकास चिकटलेल्या चिखलाची व टायरच्या खांचेंत अडकलेल्या खड्याची गत हीच होय. कण चाकावरून निसटण्याची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. बैलगाडी तासास ४ किलोमीटर चालते असें धरूं, व पिकअप ६० किलोमीटर चालते असें धरूं. वेग १५ पट झाला. परंतु चाकांची त्रिज्या सारखी मानल्यास ही ओढ १५ पट न होतां २२५ पट होते! शिवाय दुसरी एक मौज पाहा. धांवत्या चाकाचा जमिनीस टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो, आणि अगदीं वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगानें पुढें जात असतो. म्हणजे गाडी ६० च्या वेगानें जात असतां चाकाच्या माथ्यावरून सुटणारा खडा रस्त्याच्या मानानें १२० च्या वेगानें सुटतो. असा खडा मोकळा सुटला तर वाटेवरील माणसाच्या डोळ्याची काय गत होईल, हें सांगावयास नको. मडगार्ड तो खडा आपल्या अंगावर घेतें.

आपल्या प्रदेशांत तर या आच्छादनास दुप्पट काम पडतें. वऱ्हाडची काळी जमीन कापसास जितकी मानवते तितकीच ती पावसाळ्यांत वाहनास छळते. ही माती पाणी शोषून फुगते व चिकट होते, आणि चाकास तिचे थर बसूं लागतात. हा चिखल मडगार्डाच्या आंतल्या अंगास जाऊन चिकटतो व मागच्या खालच्या कोपऱ्यांत, दाराच्या पायथ्याशीं, सांठून राहातो. वरून ऊन पडलें म्हणजे गाडी कोरडी दिसते. पण त्या कोपऱ्यांतील चिखल कित्येक दिवस ओलाच असतो, आणि पत्रा आंतून बाहेर गंजत येतो. बाहेर रंगास फोड दिसूं लागला म्हणजे आंत गंजानें आपलें काम बहुतेक उरकलेलें आहे असें समजावें.

यांतच आणखी एका गोष्टीची भर पडते. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांचा कांहीं भाग खारपाणपट्टा म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी खारट असतें. लोखंड, हवेंतील प्राणवायु व पाणी यांच्या संयोगानें गंज होतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. पाण्यांत क्षार असले म्हणजे त्यांतून विजेचें वहन सुलभ होतें व ही क्रिया अधिक झपाट्यानें चालते. ज्यांस याचा अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनीं तीन नवे खिळे घ्यावे. एक कोरड्या बाटलींत, एक साध्या पाण्यांत व एक मिठाच्या पाण्यांत अर्धवट बुडवून ठेवावा आणि आठ दिवसांनीं तिन्ही पाहावे. खारपाणपट्ट्यांतील गाडीमालकांनीं यावरून एवढा बोध घ्यावा कीं, खाऱ्या पाण्यानें गाडी धुतली तर शेवटीं गोड्या पाण्याचे चार तांबे मडगार्डाच्या आंतून अवश्य फिरवावे.

मोटारीच्या अंगावरील इतर पुष्कळ पत्रे एकमेकांस वितळवून जोडलेले असतात. पुढचीं मडगार्डें मात्र बहुधा बोल्टांनीं बसविलेलीं असतात. यामागें विचार आहे. धडक प्रथम पुढच्या कोपऱ्यास बसते, तेव्हां तो भाग सहज काढतां व घालतां आला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालापासून जी जीप गाडी प्रसिद्धीस आली तिचीं पुढचीं मडगार्डें जवळजवळ सपाट पाटासारखीं होतीं. १९४७ मध्यें महिंद्र कंपनीनें ती गाडी हिंदुस्थानांत आणिली. असा सपाट पत्रा गांवचा लोहारही वांकवून देऊं शके. आजच्या गाड्यांचीं मडगार्डें मोठमोठ्या दाबयंत्रांत घडविलेलीं, गोलाईदार व पातळ असतात. त्यांची जाडी एक मिलिमीटरच्या आंतबाहेरच असते. त्यामुळें गाडी हलकी होते हें खरें, परंतु ऐरणीवर तसें मडगार्ड नव्यानें घडविणें आतां शक्य राहिलेलें नाहीं.

मडगार्ड मोडण्याचीं कारणें आपल्याकडे अनेक आहेत. बाजार समितीच्या गर्दींत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा कोपरा लागतो. अरुंद वाटेवर बैलगाडीचें जूं घांसतें. रात्रीं शेतांतून एकाएकीं रोही किंवा रानडुक्कर आडवें येतें. शिवाय रस्ते सुधारले तसा वेगही वाढला. जून २०२२ मध्यें अमरावती व अकोला यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालण्यांत आला, व या कामाची गिनीज बुकांत जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर चालकाचा पाय सहज जड होतो; आणि वेगांत झालेली टक्कर लहानशी वाटली तरी लहान नसते.

येथें मुख्य मुद्द्याकडे वळूं. कल्पना करा कीं, अंबिया बहाराचीं संत्रीं तोडणीस आलीं आहेत, बाजारांत भाव बरा आहे, गाडीवर कर्जाचा हप्ता आहे, आणि अशा वेळीं पुढचें डावें मडगार्ड चेपून चाकाजवळ आलें. मालक काय करितो? पहार घालून पत्रा बाहेर ओढतो, तारेनें बांधतो व "हंगाम उरकूं द्या" म्हणतो. त्याची अडचण खोटी नाहीं. एक दिवस गाडी उभी राहिली तर मजूर, माल व भाव या तिहींचें नुकसान असतें. परंतु गाडी सरळ उभी असतां चाक व पत्रा यांत जें अंतर दिसतें तें चालतांना कायम राहात नाहीं. ब्रेक दाबला कीं गाडीचें नाक खालीं झुकतें. खड्ड्यांतून निघतांना चाक वर उचललें जातें. वळणावर चाक तिरपें होतें. अशा वेळीं फाटक्या पत्र्याची धार टायरच्या कुशीस सुरीप्रमाणें लागते. टायरची कूस हा त्याचा सर्वांत पातळ भाग. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतां-उतरतां, मागें माल भरलेला असतां, पुढचा टायर फुटला तर सुकाणूं चालकाच्या हातीं राहील याची शाश्वती नाहीं. वांचविलेला एक दिवस आणि टांगणीस लागलेला जीव यांचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. पत्रा टायरपासून दूर आहे किंवा नाहीं, हें पाहिल्यावांचून गाडी जागची हालवूं नये, एवढें तरी कटाक्षानें पाळावें.

आतां ठोकावें कीं बदलावें? पत्रा नुसता आंत गेला असेल, म्हणजे त्यास पोचा पडला असेल, पण तो फाटला किंवा चुरगळला नसेल, तर कुशल डेंटर तो पूर्ववत् करूं शकतो. तो आंतून लोखंडी ठोकळा टेकवितो व बाहेरून हलक्या हातोड्यानें कडेकडून मध्याकडे येत जातो. एकदम मध्यावर घाव घातल्यास पत्रा ताणला जाऊन फुगतो, व ताणलेला पत्रा जागेवर बसविणें फार कठीण असतें. वारंवार ठोकल्यानें धातु कडक व ठिसूळ होते, ही गोष्टही ध्यानांत ठेवावी. तार पुन्हां पुन्हां वांकविली असतां तुटते तें याच कारणानें. उलटपक्षीं, पत्रा फाटला असेल, तीक्ष्ण घडी पडली असेल, बोल्टांचीं भोंकें उपटलीं असतील, किंवा गंजानें चाळण झाली असेल, तर ठोकण्यांत वेळ व पैसा घालवूं नये. मडगार्ड बदलावें हेंच उत्तम.

बदलण्याचें काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखालींच व्हावें. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही, विशेषतः विद्यार्थ्यांनीं, कदापि शिरूं नये. प्रथम गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस उटी लावावी व बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवावी. कारण मडगार्डाजवळून दिव्यांच्या तारा जातात. नंतर पुढची जाळी, बंपर, त्या बाजूचा दिवा व चाकावरील आंतलें अस्तर, यांपैकीं जें जें आड येत असेल तें तें उतरवावें. मडगार्डाचे बोल्ट चार ठिकाणीं शोधावे: बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या वरच्या कांठावर, पुढें दिव्यापाशीं, खालीं पायरीपाशीं, आणि मागें दाराच्या खांबापाशीं. शेवटले बोल्ट बहुधा दार उघडल्याशिवाय दिसत नाहींत, व ते न काढतां पत्रा ओढला तर खांब दुखावतो. गंजलेल्या बोल्टावर जोर करूं नये. तेल सोडून थोडा वेळ थांबावें. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट व त्यांखालील चकत्या निरनिराळ्या वाटींत ठेवाव्या, कारण त्या चकत्यांवरच मडगार्डाची उंची व ठेवण अवलंबून असते.

जुनें मडगार्ड निघालें कीं लगेच नवें चढविण्याची घाई करूं नये. हीच खरी परीक्षेची वेळ होय. आंतला सांगाडा, चासीचें टोक, पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरची चौकट व चाकाचे सांधे सरळ आहेत कीं नाहींत, हें आतां उघड्यावर दिसतें. गाडी एका बाजूस ओढत असेल, किंवा दोन्ही बाजूंचें कर्णमाप घेतां तें सारखें येत नसेल, तर दोष पत्र्यांत नसून खोल आहे. वांकड्या सांगाड्यावर नवें मडगार्ड बसविणें म्हणजे खचलेल्या भिंतीस चुना फांसणें होय. सांठलेला चिखल याच वेळीं खरवडून धुवावा, गंज घांसून काढावा व गंजरोधक अस्तर द्यावें. पाणी वाहून जाण्यासाठीं ठेवलेलीं बारीक भोंकें मात्र बुजवूं नयेत.

नवें मडगार्ड बहुधा काळ्या अस्तरासह येतें. तो काळा थर गंजापासून रक्षण करणारा असतो; त्यास नुसता हलका खरखरीतपणा आणावा, घांसून पत्रा उघडा पाडूं नये. रंग देण्यापूर्वीं मडगार्ड एकदां जागेवर बसवून पाहावें. सर्व बोल्ट प्रथम हातानेंच, सैल, फिरवावे. एक बोल्ट आधींच आवळला तर दुसऱ्याचें भोंक जुळत नाहीं, व मग कारागीर हातोडा उचलतो! सर्व बोल्ट लागल्यावर बॉनेट हळूच मिटावें, दार हळूच उघडावें, आणि मधल्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत किंवा नाहींत हें दुसऱ्या बाजूशीं ताडून पाहावें. फट नीट जुळली म्हणजे मगच बोल्ट क्रमाक्रमानें आवळावे. शेवटीं सुकाणूं दोन्ही बाजूंस पुरतें फिरवून चाक कोठें घांसत नाहीं हें पाहावें, व सायंकाळीं गाडी भिंतीसमोर उभी करून दोन्ही दिव्यांचे झोत समान उंचीवर पडतात याची खात्री करावी. चुकीच्या कोनांत बसलेला दिवा समोरच्याचे डोळे दिपवितो.

रंगाविषयीं दोन शब्द. वऱ्हाडांतील वैशाखाच्या दुपारीं तापलेल्या पत्र्यावर रंग मारला तर तो पसरण्यापूर्वींच वाळतो व खडबडीत दिसतो; पावसाळी दमट हवेंत तोच रंग पांढुरका पडतो. म्हणून सावली, कोरडी हवा व धूळ नसलेली जागा पाहावी. रंगाच्या फवाऱ्याची वाफ फुप्फुसांस अपायकारक असते. योग्य मुखपट्टीवांचून हें काम करूं नये व करूं देऊं नये. उन्हानें जुना रंग फिका झालेला असतो, यामुळें नवें मडगार्ड थोडें गडद दिसणें स्वाभाविक आहे. चांगला रंगारी लगतच्या भागावर रंगाची छटा विरवीत नेऊन तो फरक मिटवितो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्या पालकांनीं एक सोपी कसोटी लक्षांत ठेवावी. पोचे भरण्यासाठीं रंगाखालीं जी पुटी लावितात तिचा थर पातळ असावा. कांहीं ठिकाणीं मात्र गंजलेल्या पत्र्यावर पुटीचा जाड लेप चढवून वरून तुकतुकीत रंग देतात. लहानसा लोहचुंबक कागदांत गुंडाळून मडगार्डावरून फिरवावा. चांगल्या लोखंडी पत्र्यावर तो ओढ घेतो. जेथें पुटी जाड आहे तेथें त्याची ओढ मंदावते, कारण अंतर वाढतांच चुंबकाची शक्ति झपाट्यानें कमी होते. मडगार्ड प्लॅस्टिकचें नाहीं हें मात्र आधीं पाहून घ्यावें.

पुष्कळ मालक मडगार्डाचें रक्षण व्हावें म्हणून पुढें जाड लोखंडी नळ्यांचा पिंजरा लावितात. परंतु पातळ पत्रा चेपतो तेव्हां धडकेचा कांहीं जोर तो स्वतः गिळतो. जाड पिंजरा तो जोर सरळ चासीकडे व आंत बसलेल्यांकडे पोंचवितो, आणि पायीं चालणाऱ्यास तर तो अधिकच घातक होतो. म्हणूनच केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें असे पिंजरे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाविरुद्ध असल्याचें राज्यांस कळविलें. विम्याचीही गोष्ट अशीच समजून घेण्याजोगी आहे. विमा कंपनीस कळवून तिच्या माणसानें पाहणी केल्यावरच मोडलेला भाग काढावा. नेहमींच्या विम्यांत जुन्या भागाच्या बदली नव्या भागाची पुरी किंमत मिळत नाहीं. ५ ते १० वर्षें वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घट धरितात, व प्लॅस्टिक आणि रबर यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस इतकेंच सांगावयाचें आहे कीं, या एका पत्र्याच्या पोटीं भूमिति, पदार्थविज्ञान, रसायन व कायदा हे चार विषय येऊन बसले आहेत. गॅरेजांतील ज्या कारागिराचे हात तेलानें काळे झालेले असतात, तो हे चारही विषय रोज हाताळीत असतो. अमरावती व अकोला या दोन्ही शहरीं शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमांत पत्रेकाम, वितळजोड व मोटारदुरुस्ती यांस मानाचें स्थान आहे. ज्यांचा कल हस्तकौशल्याकडे आहे त्यांनीं या वाटेस कमी लेखूं नये. आणि ज्यांस त्या वाटेनें जावयाचें नाहीं त्यांनींही घरची गाडी उद्यां धुतांना मडगार्डाच्या आंत एकदां हात घालून पाहावा. कोपऱ्यांत ओला चिखल हातीं लागला तर तो त्याच दिवशीं काढावा. पुढचा सारा खर्च व धोका तेथूनच सुरूं होतो.